डाव्या हाताचे घाव

औंढ्या नागनाथाला येणारे प्रवासी कसे येतात आणि कसे जातात, हे गोजरबाई टाकारणीला तोंडपाठ होतं. चोंडीच्या ठेसनावर उतरायचं, बैलगाडी धरायची, हाडं खिळखिळी करून घेत देवळापाशी यायचं आणि तडक गाभाऱ्याच्या भुयारात उतरायचं. अंगानं भरलेला माणूस असला तर खाली जाताना देवापेक्षा पोटाचीच चिंता जास्त. मग घामाघूम होऊन वर यायचं, नारळ फोडायचा, खोबरं चघळत गाडीत बसायचं. झालं औंढं! मुंबई-हैदराबादेहून एवढ्या लांब आलेल्या माणसाला कोणी सांगत नसे, की बाबा रे, जे पाहायला आलास त्यालाच पाठ टेकून तू बिडी ओढतोयस.

गोजरबाई सांगायची. निजामाच्या राज्यातली, तीस-बत्तीस सालची ही गोष्ट. देवळाच्या मागच्या अंगाला सावलीत ती टाकीला, म्हणजे दगड फोडायच्या छिन्नीला, धार लावत बसलेली असे. लुगडं कासोटा मारून नेसलेलं, कपाळ मोकळं, हात पुरुषासारखे राठ. कोणी रेंगाळताना दिसलं की खणखणीत आवाजात विचारायची, "देव पाह्यला का?"

"पाहिला की."

"मंग आता भिंत पाहा. देव सगळीकडं हाय, ही भिंत इथंच हाय."

काही हसून निघून जात. त्यांचं नशीब. जे थांबत, ते तासभर हलत नसत.

तिचा मूळ धंदा जात्याला टाकी लावण्याचा. जातं फिरून फिरून गुळगुळीत झालं की दळत नाही, नुसतं धान्य चेंगरतं. मग पाळू, म्हणजे जात्याचा दगड, उलटी करून तिला टाकीनं बारीक बारीक घाव घालावे लागतात. ते काम करणारे टाकारी गावोगाव हिंडत, आणि त्यांची गावं आपसात वाटलेली असत. गोजरबाईच्या सासऱ्याच्या, दगडोबाच्या वाट्याला औंढ्याच्या आजूबाजूची अकरा गावं होती. नवख्या घरात जातं उलटलं आणि त्यावर दुसऱ्या टाकाऱ्याचे ताजे घाव दिसले, तर हत्यारं गुंडाळून, पाणी पिऊन निघून यायचं. दुसऱ्याच्या घावावर घाव घालायचा नाही. हा त्यांच्यातला कायदा. त्याला ना कागद होता ना शिक्का, पण तो मोडलेला कोणी ऐकला नव्हता.

या कायद्यापायी टाकाऱ्यांना एक विद्या येई. घाव पाहून हात ओळखायची. हा जोरकस मारतो, हा घाईचा, हा म्हातारा झाला, मनगट थरथरतं. दगडोबा त्यात पंडित होता. आणि दगडोबानंच सगळ्यांत आधी ओळखलं, की घरात आलेल्या दहा वर्षांच्या डावऱ्या सुनेच्या हातात कसब आहे.

डावरी सून म्हणजे त्या काळी घरावर आलेलं संकटच. सासूनं तिचा डावा हात फडक्यानं कमरेला बांधून टाकला. सहा महिने पोर उजव्या हातानं सांडत-लवंडत वाढायची आणि मार खायची. एके दिवशी कोणी नाही असं पाहून तिनं फडकं सोडलं आणि अंगणातल्या फुटक्या पाळूवर डाव्या हातानं हातोडी चालवली. दगडोबा बाहेरून आला. पाळूपाशी उकिडवा बसला, बराच वेळ घाव पाहत राहिला आणि बायकोला हाक मारून म्हणाला, "सोडा तिचा हात. दगडाला उजवं-डावं कळत न्हाई. आन् एवढा बराबर घाव तर मह्या पोरालाबी जमत न्हाई."

घरातला प्रश्न मिटला, पण बाहेर गावं होती. डाव्या हातानं टाकी लावलेल्या जात्यावर देवाच्या नैवेद्याचं पीठ दळायचं? बायका नाकं मुरडत. म्हणून गोजरबाईनं एक युक्ती काढली. अंगणात काम करताना ती घरधनिणीकडं पाठ करून बसायची. टाकीचा आवाज ऐकू यायचा, हात दिसायचा नाही. वीस-पंचवीस वर्षं ती अशी जगाकडं पाठ करून घाव घालत होती. माणसाला आपला चांगुलपणा लपवावा लागतो तो असा, आणि आपण म्हणायचं की बाई तुसडी आहे!

सासरा गेला, सासू गेली, तापाच्या साथीत नवरा गेला. अकरा गावं आणि एक टाकी एवढाच संसार उरला. अशातच एका उन्हाळ्यात ती देवळामागं विसाव्याला टेकली. पाठीमागं भिंतीवर एक बाई कोरलेली होती. एका पायावर उभी, दुसरा पाय उचलून तळव्यातला काटा काढणारी. तिचं नाक गेलेलं, अर्धं डोकं कधीचं फुटलेलं. गोजरबाईच्याही पायात त्या दिवशी बाभळीचा काटा होता, म्हणून तिला हसू आलं. सहज तिनं मूर्तीच्या काखेमागच्या खोबणीत बोटं घातली. जिथं पावसाचं पाणी पोचत नाही, भक्तांचे हात पोचत नाहीत, अशा जागी दगड घासलेला नव्हता. टाकीचे घाव जसेच्या तसे होते.

तिची बोटं थांबली. उजव्या हाताच्या माणसाचे घाव डावीकडं उतरतात. हे उजवीकडं उतरत होते. तिनं पुन्हा चाचपलं, मग शेजारच्या हत्तीच्या पायामागं हात घातला. तिथं डावीकडं. पलीकडच्या मूर्तीत डावीकडं. पुन्हा या काटा काढणारीत उजवीकडं. आणि आता नीट पाहिलं तर ती बाईसुद्धा काटा डाव्याच हातानं काढत होती.

शेकडो वर्षांपूर्वी इथं कोणीतरी डावरा होता. कोणी त्याचा हात बांधला नव्हता. देवाच्या भिंतीवर, सगळ्यांच्या देखत, त्यानं डाव्या हातानं हातोडी चालवली होती. त्या दुपारी गोजरबाई भिंतीला कपाळ लावून मनसोक्त रडली. नवरा गेला तेव्हासुद्धा तिला इतकं मोकळं रडता आलं नव्हतं.

त्यानंतर ती भिंत वाचायला लागली. दर सोमवारी, जात्यांचं काम नसेल तेव्हा, बोटांनी एकेक मूर्ती चाचपायची. हळूहळू तिनं त्या घडवणाऱ्यांना नावं दिली. हा घाईवाला, याला दुसऱ्या कामाची ओढ होती. हा म्हातारा, घाव उथळ आहेत पण चेहरे पाहा. हा शिकाऊ, हत्तीची सोंड चुकली म्हणून तिला कमळात गुंडाळून टाकलं. प्रवाशांना ती हेच दाखवायची. कोण कुठल्या देवीचं वाहन, कोणत्या राजानं बांधलं, हे विचारलं की म्हणायची, "ते बामनाला इचारा. मला हातं ठावं हायेत, देवं न्हाई."

एखादा शिकलेला प्रवासी कौतुकानं म्हणे, "बाई, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, म्हणतात ते खरं."

"घाव सोसणाऱ्याचं सांगता राव," ती म्हणायची, "घालणाऱ्याचं कोण सांगल?"

चोंडीवरून गाड्या हाकणारा लखमा तिचा मोठा भक्त. तो लमाणांच्या तांड्यावरचा. त्याच्या आज्यानं बैलांच्या पाठीवर मीठ लादून अर्धा मुलूख पालथा घातला होता, त्यामुळं माणसाला काय दाखवावं याची जाण त्याच्या रक्तात होती. गाडीतच तो प्रवाशांना बजावायचा, "देव तुमाला आपोआप दिसल. भिंत दिसाया बाई लागती." आणि गोजरबाई भिंत दाखवून झाली की प्रवाशांना पुढची वाट सांगायची. नरसीला जा, कयाधूच्या काठानं जा, घाई करू नका. श्रावणात आलात तर औंढ्याचे डोंगर पाहा, हिरवा रंग किती परकारचा असतो ते कळल. तिनं स्वतः अकरा गावांपलीकडं काही पाहिलं नव्हतं, पण जे पाहिलं होतं ते पुरतं पाहिलं होतं. आपल्याकडं शंभर ठिकाणं पाहून कोरडी राहिलेली माणसं कमी नाहीत.

अडतीस साली वसमतच्या उत्तमरावानं देवळामागच्या पायऱ्या नव्या करायला घेतल्या. उत्तमराव हळदीचा मोठा बागाईतदार. लेक दुखण्यातून उठावी म्हणून त्यानं नवस बोलला होता आणि तो मनापासून फेडत होता. माणूस वाईट नव्हता. फक्त, केलेलं लोकांना दिसावं, हा त्याचा सोस होता. त्यातच बातमी आली, की हैदराबादेहून एक मास्तर निघालेत. राज्यातली पाहण्याजोगी ठिकाणं हिंडून त्यांचं बुक करणार आहेत. वेरूळ, बीदर झालं, पंधरा दिवसांत औंढ्याला येणार.

उत्तमरावाच्या डोक्यात बुक शिरलं. तो थेट भिंतीपाशी आला आणि छडीनं काटा काढणारीकडं बोट दाखवून म्हणाला, "गोजरबाई, ही जागा नजरंसमोर येती. एवढी सपाट करून टाक आन् इथं मह्यं नाव कोर. 'उत्तमरावांनी पायऱ्या बांधल्या' असं ठळक. मास्तराला वाचता आलं पायजे."

गोजरबाई उठून मूर्तीच्या आडवी उभी राहिली. "मालक, तिथं बाई हाय."

"नाक न्हाई, डोस्कं न्हाई. कसली बाई? मोडकीच हाय ती."

"दुसऱ्याच्या घावावर आमी घाव घालत न्हाई."

उत्तमराव मोठ्यानं हसला. "तो दुसरा मरून शेकडो वर्सं झाली!"

"मेला, पर त्याचं काम हाय ना हितं. मंग जागा त्याचीच."

आता मात्र त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "पुढच्या सोमवारी मी येतो. तू न्हाई केलंस तर नांदेडवरून पाथरवट आणतो. आन् मंग तू हितं बसायचं बंद. भिंत काय तुह्या बापाची हाय?"

तो गेला. लोक गोळा झाले आणि जो तो शहाणपण शिकवायला लागला. करून टाक, मोठ्या माणसाशी वैर कशाला, दगडासारखा दगड. एकटा लखमा सगळे पांगेपर्यंत थांबला. शेवटी म्हणाला, "बाई, तू न्हाई केलं तर दुसरा कोणी करणारच. न्हाई म्हणून भागायचं न्हाई. काहीतरी हो म्हण."

ते 'काहीतरी हो' गोजरबाई आठवडाभर डोक्यात घोळवत राहिली. जात्यांना टाकी लावताना, वाट चालताना, भाकर खाताना. नाही म्हटलं तर डावऱ्याची मूर्ती जाते. हो म्हटलं तर ती आपल्याच हातानं जाते. इकडं आड, तिकडं विहीर. शनिवारी ती नव्या पायऱ्यांवर बसली होती. एक म्हातारी वर चढण्याआधी वाकली, पायरीला हात लावून तो कपाळाला लावला आणि मग पाय ठेवला. गोजरबाई तिच्याकडं पाहत राहिली. आणि मग एकटीच खुदकन हसली.

सोमवारी देवळात गर्दी. उत्तमराव चार प्रतिष्ठित माणसं घेऊन आला. गोजरबाई उठून उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मालक, नाव म्या कोरते. पर भिंतीवर तुमचं नाव शोभत न्हाई. लई लहान जागा हाय ती."

"लहान?" उत्तमराव गोंधळला.

"व्हय. नरसीच्या महाराजांना कीर्तन करताना देवळापुढून हुसकलं, ते हितं मागं बसले आन् देऊळच त्यांच्याकडं फिरलं, असं आपण समदे म्हणतो. म्हंजी हा मान मागच्या अंगाचा. आन् त्या महाराजांनी पंढरीत देवापाशी काय मागितलं? भिंत मागितली? कळस मागितला? पायरी मागितली! भक्तांचे पाय लागावेत म्हणून. तुमी तर पायरीच बांधली, मालक. महाराजांच्या मुलखात पायरीपरीस मोठी जागा कोणती, सांगा की!"

गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "बराबर हाय!" म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. बरोबर आणलेल्या प्रतिष्ठितांपैकी एकानं तर उत्तमरावांच्या नम्रतेचं तिथल्या तिथं कौतुकच केलं. उत्तमराव कात्रीत सापडला. नको म्हणावं, तर महाराजांहून आपण मोठे ठरतो. हो म्हणावं, तर लोक आपल्या नावावर पाय देणार. त्यानं गोजरबाईकडं असं पाहिलं, की दुसरी असती तर पळाली असती. मग ओठ आवळून म्हणाला, "कोर."

गोजरबाईनं हत्यारं सोडली. सवयीनं ती लोकांकडं पाठ करून बसायला गेली आणि मध्येच थांबली. समोर काटा काढणारी उभी होती, उघड्यावर, सगळ्यांच्या देखत. गोजरबाई वळली. लोकांकडं तोंड करून बसली आणि तिनं हातोडी डाव्या हातात घेतली. बायकांमध्ये कुजबुज झाली. "अगं बाई, ही डावरी!" होय, डावरी. वीस-पंचवीस वर्षं तुमच्या घरच्या नैवेद्याची पिठं या हातानं टाकी लावलेल्या जात्यावर दळली गेली, देवानं एकदाही ताट परत पाठवलं नाही. पुजाऱ्यानं गेरूनं आखून दिलेली अक्षरं ती चार दिवस तिथं बसून कोरत होती आणि पाहायला येणाऱ्यांचा राबता होता. अक्षरं असली देखणी उतरली, की पाय ठेवताना माणूस कचरावा.

उत्तमराव मात्र त्या दिवसापासून मागच्या पायरीकडं फिरकला नाही. स्वतःच्या नावावर पाय द्यायचा नाही म्हणून औंढ्याला आला की पुढच्या दारानं आत जायचा आणि पुढूनच परत. गोजरबाईशी बोलणं बंद.

मास्तर आले. भले गृहस्थ होते. दोन तासांचं काम म्हणून आले आणि दोन दिवस राहिले. गोजरबाईनं त्यांचा हात धरून काखेमागच्या खोबणीत घातला, तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. वर्षा-दीड वर्षानं बुक छापून आलं. लखमानं ते ठेसनमास्तराकडून वाचून घेतलं आणि धावत सांगायला आला. औंढ्यावर दोन पानं होती. त्यात काटा काढणारी स्त्री आणि तिचा डावखुरा शिल्पकार यांच्यावर आठ ओळी होत्या. शेवटी लिहिलं होतं, 'ही माहिती एका स्थानिक बाईने दाखवली.' एका स्थानिक बाईने! एवढा शहाणा माणूस, दोन दिवस तिच्या हातची भाकर खाल्ली, नाव विचारायचं राहून गेलं.

लखमा चिडला. गोजरबाईनं फक्त विचारलं, "डावरा आला ना बुकात? मंग झालं."

सत्तेचाळीस साल उजाडलं आणि मुलखाचे दिवस फिरले. लुटालूट, जाळपोळ सुरू झाली. ज्यांना जमलं ते सरहद्द ओलांडून वऱ्हाडात गेले. उत्तमरावाचं घरही गेलं. चोंडीवर प्रवासी उतरेनासे झाले, लखमाची गाडी उभीच्या उभी राहिली. गोजरबाई कुठं जाणार? ती भिंतीपाशी राहिली. जन्मभर दगडाचे कण डोळ्यांत उडाले होते. आता दोन्ही डोळ्यांवर सारा येऊन नजर गेली होती. सकाळी उठून ती भिंत चाचपायची. घाईवाला आहे. म्हातारा आहे. शिकाऊ आहे. डावरा आहे. सगळे आपापल्या जागी आहेत, एवढं पाहून मग चूल पेटवायची.

अठ्ठेचाळीसचा पावसाळा सरता सरता निजामाचं राज्य गेलं आणि लोक परतायला लागले. दिवाळीनंतर एका सकाळी लखमाची गाडी देवळापाशी थांबली. एक माणूस उतरला, आणि पुढच्या दाराकडं न जाता मागं आला. पायऱ्यांपाशी त्याची पावलं थांबली. 

"कोण हाय?" गोजरबाईनं विचारलं.

"मी. उत्तमराव." आवाज पार खाली गेला होता. "गोजरबाई, तिकडं वऱ्हाडात एकाच्या ओसरीवर पडून होतो वरीसभर. मह्यं नाव कोणालाबी ठावं नव्हतं. एक दिवस त्या घरी टाकारी आला. त्यानं जातं उलटलं, आन् मी येड्यावाणी त्या जात्याकडं पाहून राहिलो. घाव कोणीकडं उतरले ते. डावीकडं उतरले होते."

 फार वर्षांपूर्वी कधीतरी हा माणूस लांब उभा राहून आपलं बोलणं ऐकत असेल, हे गोजरबाईला आत्ता कळलं.

उत्तमराव खाली बसला. पायरीवर स्वतःच्या नावाच्या अक्षरांतून त्यानं हळूहळू बोट फिरवलं. मग म्हणाला, "हे उजवीकडं उतरले हायेत."

"व्हय."

"धा वर्सं मी ही पायरी टाळली. मला वाटलं, हितं मह्यंच नाव हाय." त्यानं अक्षरांतली धूळ पुसली. "तू आता मह्या नावाखाली तुह्यं कोर. मी सांगतो."

गोजरबाईच्या डोळ्यांना दिसत नव्हतं, पण त्यांतून पाणी आलं. आजवर तिनं शेकडो लोकांना दुसऱ्याचा हात ओळखायला शिकवलं होतं. तिचा हात आज पहिल्यांदा कोणी ओळखला होता.

"कशाला कोरू?" ती म्हणाली. "तुमाला वाचता आलं न्हवं? मंग आता त्याच्यावर घाव घालायचा न्हाई."

उत्तमराव उठला. त्यानं पायरीला हात लावून तो कपाळाला लावला, आणि मग पाय ठेवून वर आला. गोजरबाईनं चाचपत त्याचं मनगट धरलं, त्याचा हात काटा काढणारीच्या काखेमागं नेला आणि विचारलं, "देव पाह्यला का?"

"न्हाई अजून."

"राहू द्या. आधी हे पाहा."